थेंबबाईचं टेबल

थेंबबाईचं हे नाव तिच्या धाकट्या भावाने पाडलं. प्रेमाने नाही.

ती जुन्या खेळण्यांतले दिवे रंगवायची. मटाराच्या दाण्याएवढा दिवा. तो तारेच्या आकड्याला अडकवायचा, लाखेच्या पातळ रंगात बुडवायचा आणि सावकाश वर काढायचा. रंग ओघळत खाली येतो आणि दिव्याच्या टोकाशी थेंब होऊन लटकतो. तो थेंब तिथेच वाळला तर दिवा लागल्यावर टोकाशी काळा डाग दिसतो. म्हणून ती टिपकागदाचा कोपरा त्या थेंबाला टेकवायची. टेकवायचा फक्त, पुसायचं नाही. कागद थेंब पिऊन घ्यायचा. तेवढा वेळ ती श्वास धरायची आणि तेवढ्या वेळात कुणी बोललं तर त्याची धडगत नसे.

"महाराणी थेंब काढतायत," भाऊ गिऱ्हाइकांना सांगायचा. "खोकला आला तर गिळा."

मग शेजारचे, गिऱ्हाइकं, पोस्टमन, सगळेच तिला थेंबबाई म्हणू लागले. तिनेही हाक आली की मान वळवायला सुरुवात केली. नाव भावाने दिलेलं, एवढाच त्यातला काटा.

दुकान एकच, पण भावाच्या नावावर. वडील तिथे टॉर्च आणि रेडिओ दुरुस्त करायचे. भाऊ पत्र्याची जुनी खेळणी दुरुस्त करायचा. पोचे काढायचा, गंज घासायचा, रंग द्यायचा, मोटारींची तार नव्याने गुंडाळायचा. खोली लांबट होती. दाराशी भावाचा ओटा. मध्ये फळ्यांवर चाकं गेलेल्या गाड्या आणि मुंडकी नसलेले यंत्रमानव. मागे, खिडकीशी थोडी वाट सोडून, थेंबबाईचं टेबल. त्यावर रंगांच्या बुटक्या बाटल्या, दिवे वाळत घालायची तार, भिंतीतल्या विजेवर चालणारा छोटा ट्रान्सफॉर्मर आणि एक पुठ्ठ्याचं खोकं. खोकं आतून काळं रंगवलेलं, समोर डोळ्यापुरतं भोक. दिवा आत लावायचा आणि भोकातून बघायचं. न लागलेल्या दिव्याचा रंग ती रंगच मानत नसे.

सेलवर तर ती दिवा कधीच तपासत नसे. "सेल खोटं बोलतात," ती म्हणायची. "आज एक सांगतील, परवा दुसरं." गिऱ्हाइकाच्या खेळण्यातून संपलेले सेल निघाले की ती त्यांच्या बुडावर खिळ्याने चरा ओढायची आणि डब्यात टाकायची. मेलेला जिवंतांत मिसळायला नको.

हे सगळं ती एका कारखान्यात शिकली होती. लिफ्टच्या बटणांमागचे, टेलिफोन एक्स्चेंजच्या फळ्यांवरचे दिवे तिथे रंगायचे. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा ती लाखेच्या बाटल्या पिशवीत घालून भावाच्या दारात उभी राहिली. लग्न केलेलं नव्हतं. "केलं असतंस तर तिथे दिवे लावले असतेस," भाऊ म्हणाला, आणि टेबल दिलं. ते टेबल म्हणजे तिचं सगळं. वरच्या मजल्यावर भावाच्या घरात तिला एक पलंग होता. पण पलंगावर माणूस फक्त झोपतं.

भाऊबहीण एकमेकांशी बोलत नसत, त्याचं मूळही दिव्यांतच होतं. एकदा ती तापाने पडली. आगीच्या बंबाचं काम घाईचं होतं. भावाने स्वतःच दिवे बुडवले. एकाच वेळी जाड थर दिला आणि ओले असतानाच लावून पाहिले. लाख तापली, फुगली, करपल्यासारखी तपकिरी पडली. तो बंब तसाच गेला आणि तसाच परत आला. गिऱ्हाईक ओट्यावर बंब आपटून बोलत होतं आणि भाऊ म्हणाला, "ताईचं काम आहे हो. हात थरथरतात आता तिचे."

ताई मागच्या जिन्याशी उभी होती. अंगावर पांघरूण, पायात काही नाही. ती पुढे आली. उजवा हात तिने गिऱ्हाइकाच्या नाकासमोर आडवा धरला. हात दगडासारखा स्थिर होता. गिऱ्हाईक दुसरीकडे बघू लागेपर्यंत तिने तो खाली घेतला नाही. मग जिना चढून गेली. त्या दिवसापासून दोघांमधली भाषा भावजयीमार्फत चालायची.

"अगं, तुझ्या नणंदेला विचार, बसचे दिवे झाले का."

"अगं, त्याला सांग, बसचं छप्पर झालं का ते आधी बघ म्हणावं."

दोघं एकाच खोलीत, हाकेच्या अंतरावर. भावजय मधे सुरी पुसत उभी. "मला या टेलिफोनचं काही मिळत नाही," ती म्हणायची. "एक दिवस तार कापीन."

त्यात भावाने छपाईचं यंत्र घ्यायचं ठरवलं. जुन्या खेळण्यांवरची पुसलेली अक्षरं, चाकांवरची नक्षी, खिडकीतल्या माणसांचे चेहरे, सगळं पातळ कागदावर छापून चिकटवता येणार होतं. यंत्राला जागा हवी होती. त्याने फीत घेऊन ओटा मोजला, फळ्या मोजल्या. शेवटी थेंबबाईचं टेबल मोजलं. ती समोर बसलेली असताना, तिच्या कोपराखालून फीत सरकवून.

"अगं, तिला सांग," तो म्हणाला, "आता रंगीत एलईडी तयार मिळतात. स्क्रूसारखं फिरवलं की झालं. थेंब नाही, कागद नाही, वास नाही."

"वास नाही हे चांगलं," भावजय म्हणाली. तिचं नाक लाखेला विटलं होतं. घरात तर तिने बाटली येऊच दिली नसती. म्हणजे टेबल गेलं की काम गेलं, हे तिघांनाही कळत होतं.

अशात मास्तरीणबाई आल्या.

निवृत्त झालेल्या, उंच, हातात काठी. काठी टेकायला कमी आणि दाखवायला जास्त. त्यांनी पिशवीतून पत्र्याचं दीपगृह काढलं. गोल तळ, त्यावर निळ्या रंगाचा समुद्र, मधे मनोरा, मनोऱ्याच्या टोकाला दिवा. एका कळीने दिवा लागतो, दुसरीने एक होडी मनोऱ्याभोवती फिरते. आता काहीच होत नव्हतं.

"हे माझं आहे," त्या म्हणाल्या. "लहानपणचं. होडी नुसती थरथरायची, फिरली कधीच नाही. पण दिवा हिरवा लागायचा. पलंगाखाली शिरून बघायचो. तो हिरवा मला परत बघायचाय."

"होडी फिरवून देतो," भाऊ म्हणाला.

"मी होडीचं विचारलं नाही."

भावाने तळाचे कान उघडले. पत्र्याच्या खेळण्यांना स्क्रू नसतात. पत्र्याच्याच पट्ट्या खाचेतून घालून वाकवलेल्या असतात, त्यांना कान म्हणतात. कान उघडला की पत्रा थकतो. एकदा सोसतो, दोनदा सोसतो, पुढे तुटतो. त्याने मोटार काढून नव्याने गुंडाळली, कान परत बसवले. होडी भिंगरीसारखी फिरू लागली. तो दिवसभर शीळ घालत होता.

थेंबबाईने दिवा घेतला. काच जवळजवळ उघडी पडली होती. लाख उष्णतेने सोलून गेलेली. पण बुडाच्या पितळी टोपणाच्या आत, जिथे ऊन, धूळ, बोट काहीच पोचत नाही, तिथे भिंगातून रंगाची केसाएवढी कड दिसत होती. निळी. तिने भिंग फिरवून फिरवून पाहिलं. निळीच.

तिने निळा केला. तीन पातळ थर, प्रत्येक थर वाळल्यावर पुढचा. काळ्या खोक्यात लावला. स्वच्छ निळा.

मास्तरीणबाईंनी भोकाला डोळा लावला आणि लगेच काढला.

"हा निळा आहे."

"होता तो निळाच."

"मी तेव्हा आंधळी नव्हते."

"मी आत्ता आंधळी नाही. टोपणाच्या आत रंग शिल्लक आहे. या, दाखवते."

"मला टोपण नकोय. तो मी रोज बघितलेला दिवा आहे."

"तुम्ही आठवताय. मी बघतेय."

मास्तरीणबाईंची काठी जमिनीवर एकदा वाजली. "तुमच्यासारख्या मुलींना मी वर्गाबाहेर उभं करायची."

"मी बाहेरच असायचे," थेंबबाई म्हणाली.

भाऊ ओट्यावरून उठला. हीच ती वेळ, हे त्याला दिसलं. "बाई, आठवड्याने या. दोन दिवे दाखवतो. एक माझा, एक हिचा. तुम्हाला पटेल तो घ्या." मग तो वळला आणि बहिणीकडे बघून बोलला. इतक्या काळात पहिल्यांदा, सरळ तिच्याशी. "बाईंना माझा पटला तर टेबल उचलायचं. तुझा पटला तर टेबलाला मी हात लावणार नाही. जन्मात नाही."

"शब्द?"

"शब्द."

"बोललात की," भावजय म्हणाली. तिच्याकडे कुणी पाहिलं नाही.

मधल्या दिवसांत भावजयच एकदा टेबलाशी येऊन उभी राहिली. नाकाला रुमाल. "वन्सं, हिरवा करून टाका ना. कोण बघतंय टोपणात?"

"मी बघितलंय."

"टेबल जाईल."

"माहीत आहे."

"कुणासाठी एवढा ताठा? त्या म्हातारीला हिरवा हवाय, तुम्हाला टेबल हवं. दोघींचं भागतंय हिरव्यात."

भावजय गेल्यावर थेंबबाईने हिरव्याची बाटली पुढे ओढली. झाकण उघडलं. तारेचा आकडा हातात घेतला, त्याला कोरा दिवा अडकवला. बाहेर रस्त्यावर कुणीतरी शटर ओढलं. मग तिने झाकण लावलं आणि निळ्याची बाटली घेतली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं वडील तिच्याबद्दल म्हणायचे. कौतुकाने म्हणायचे की वैतागून, हे तिला कधी कळलं नव्हतं.

ठरलेल्या दिवशी ती खाली आली तेव्हा ओटा मांडून तयार होता. एका बाजूला लाकडी ठोकळ्यावर भावाचा एलईडी. दुसऱ्या बाजूला दीपगृह, वर तिचा निळा दिवा. दिवा तिने स्वतः आदल्या संध्याकाळी बसवला होता. भाऊ आज फार गोड होता. मास्तरीणबाईंना त्याने खुर्ची दिली, पंखा वळवून दिला. भावजयीने दार लोटलं, मागची खिडकी झाकली. खोली काळोखी झाली.

भावाने एलईडी लावला. ओटा, भिंत, मास्तरीणबाईंचा चष्मा, सगळं हिरवं झालं. औषधाच्या दुकानाच्या पाटीसारखं.

"हिरवा आहे," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"आहे ना," भाऊ म्हणाला.

"तो बंद करा. दुसरा दाखवा."

थेंबबाईने दीपगृहाची कळ दाबली. दिवा लागला. दिवा मरतुकडा होता. आतली तार विझत आलेल्या वातीसारखी पिवळसर. नव्या सेलवर असं होत नाही. आणि नवे सेल तिने स्वतः आणून ठेवले होते; सकाळी ओटा मांडताना भावाने ते घालायचे होते. तिने भावाकडे पाहिलं. तो फळीवरच्या एका गाडीचं दार उघडझाप करून बघत होता. गाडी तर दुरुस्त होऊन महिना झाला होता.

तिला सगळं कळलं. ती बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात मास्तरीणबाई म्हणाल्या, "थांबा."

त्या खुर्चीतून पुढे वाकल्या होत्या. काठी मांडीवरून घसरून खाली पडली, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"हाच."

थेंबबाईने दिव्याकडे बघितलं. आतापर्यंत ती फक्त तार बघत होती. आता रंग बघितला. दिवा हिरवा होता. शेवाळ धरलेल्या हौदाच्या तळासारखा, गढूळ, खोल हिरवा. मरत्या तारेचा पिवळा उजेड आणि त्यावर तिची निळी लाख. दोन्ही मिळून हिरवा. तिच्या खोक्यात हा रंग कधीच दिसला नसता. तिच्या खोक्यात विजेची कधी कमतरता नसे.

मास्तरीणबाईंनी बोट लांब करून दुसरी कळ दाबली. होडी जागच्या जागी थरथरली. फिरली नाही.

"अशीच," त्या म्हणाल्या. आवाज शाळेतला राहिला नव्हता.

"तुमच्या घरी सेल कुठून यायचे?" थेंबबाईने विचारलं.

"यायचे कुठून? वडील रात्रपाळीचे पहारेकरी. त्यांच्या टॉर्चमधले संपले की आम्हाला. नवे सेल खेळण्यात घालायला आम्ही काय राजे होतो?"

थेंबबाईने दीपगृह उलटं केलं, तळाचं झाकण सरकवलं. सेल हातावर घेतले आणि त्यांची बुडं भावासमोर धरली. प्रत्येकावर खिळ्याचा चरा.

"सगळे सेल सारखेच दिसतात," भाऊ म्हणाला.

"चरा मी ओढते."

"अंधारात हात डब्यात गेला असेल."

"आज सकाळी अंधार होता?"

भावजयीला हसू आलं. तिने ते दाबलं, पण आवाज झालाच. मास्तरीणबाईंना काय चाललंय ते कळलं की नाही, कोण जाणे. मुलांच्या मारामारीत न पडण्याची त्यांना जन्मभराची सवय असणार.

भावाने घसा साफ केला. "बाई, हे सेल संध्याकाळपर्यंत विझतील. नवे घातले की दिवा निळा. रोज कुठून आणणार असे सेल? माझा कायम हिरवा राहील."

"तुमचा मी मागितलाच नाही."

"वाटेत तार घालते," थेंबबाई म्हणाली. "वीज अडवणारी तार असते. ती मधे घातली की नवे सेलही दमल्यासारखे चालतील. दिवा असाच राहील."

"घाला मग."

"त्याला तळ उघडावा लागेल. कान त्याचे आहेत."

भावाचा चेहरा ताणला. "कान तुटतील. आणि तार घातली की मोटारही दमेल. जिवापाड गुंडाळलीय मी ती. फिरती होडी पुन्हा लंगडी करू?"

"फिरणारी होडी माझी नव्हे," मास्तरीणबाई म्हणाल्या. "उघडा."

त्याने उघडले. चिमट्याने, एकेक, दातओठ खात. थेंबबाईने तार कापली, पेन्सिलीच्या तुकड्यावर गुंडाळली, जोडली, कळ दाबून पाहिली, एक वेढा कमी केला, परत पाहिली. नव्या सेलवर दिवा हिरवा लागला. होडी थरथरली. भावाने तिकडे बघितलंही नाही.

तळ परत बसवताना एक कान तुटला. त्याने बहिणीकडे असं पाहिलं, जणू तिनेच तो तोडला. आता तिथे कथिलाचा डाग देऊन सांधावं लागणार होतं. आणि पत्रा दाबून धरायला तिसरा हात हवा होता. भावजय पुढे सरकली. थेंबबाईने तिच्याआधी पक्कड उचलली आणि पत्रा धरला. दोघांची डोकी इतकी जवळ आली की त्याच्या कपाळावरचा घाम तिला दिसत होता. कथील वितळलं. डाग नेमक्या जागी बसेना.

"हलवू नकोस," तो म्हणाला.

"मी हलत नाहीये. तुझा हात थरथरतोय."

ती हे हळू बोलली नाही. मास्तरीणबाई खुर्चीत होत्या, भावजय दाराशी होती. भावाने मान वर केली नाही. कथिलाचा डाग ओबडधोबड बसला आणि तसाच राहिला.

मास्तरीणबाई दीपगृह पिशवीत घालून, पडलेली काठी घेऊन उठल्या. दारात थांबून थेंबबाईला म्हणाल्या, "हिरवा होता."

"लाख निळी आहे," थेंबबाई म्हणाली.

त्यांनी काठी उचलली, पण दाखवली नाही. टेकत गेल्या.

टेबल राहिलं. भावाने शब्द पाळला. यंत्र आलं तेव्हा त्याने टेबलाला बोटही लावलं नाही. यंत्र टेबल आणि खिडकी यांच्या मधल्या वाटेत उभं केलं, खिडकी पुरती झाकेल असं. ती सकाळी खाली आली तर टेबलावर उजेड नव्हता.

"खिडकीचं बोलणं झालं नव्हतं," भाऊ भिंतीकडे बघून म्हणाला.

"नव्हतं," ती म्हणाली. तिने काळं खोकं उचललं आणि त्याच्या नव्या यंत्राच्या डोक्यावर नेऊन ठेवलं. "हे आता मला लागणार नाही. इथे सगळीकडेच अंधार आहे."

तेव्हापासून ती नव्या गिऱ्हाइकाला आधी विचारते, तुमच्या घरी खेळण्यात सेल कुठले जायचे, नवे की कुणाचे उरलेले. लोक चक्रावतात. काही जण रागावतात. भाऊ यंत्रामागून म्हणतो, "अगं, तिला सांग, गिऱ्हाइकं पळवू नकोस म्हणावं." भावजय म्हणते, तुम्हीच सांगा, टेलिफोन बंद पडलाय. तो सांगत नाही.

यंत्र चालू झालं की तिचं टेबल हलतं. तारेवरचे दिवे हलतात, बाटल्यांत रंग हलतो. पहिल्या दिवशी टोकाचा थेंब कागद पोचायच्या आत पडत होता. तिचा एकही दिवा धड निघाला नाही. मग तिच्या लक्षात आलं, की एक कागद छापून झाला आणि दुसरा आत जायचा असला की यंत्र थोडं थांबतं. त्या थांब्यात ती श्वास धरते आणि कोपरा टेकवते.

हे त्याच्याही लक्षात आलं. आता तो मधला थांबा कमी करत चाललाय. तिचा श्वासही आखूड होत चाललाय. अजून तरी थेंब पडलेला नाही.